रहिवासाचा दाखला आणि उपचाराचा हक्क

सार्वजनिक पैशातून मिळणाऱ्या उपचारांना पात्र कोण, हा प्रश्न जगभर बहुधा परदेशातून आलेल्या माणसांच्या संदर्भात विचारला जातो. मराठवाड्यात मात्र तो देशाच्या सीमेवर नव्हे, तर राज्याच्या, जिल्ह्याच्या आणि कित्येकदा शिधापत्रिकेवर नोंदलेल्या गावाच्या सीमेवर उभा राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या आग्नेयेस गारखेडा परिसरात पुंडलिकनगर ही वसाहत आहे. शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या आणि कामधंद्यासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांनी भरत गेलेल्या शहराच्या या बाजूचा इतिहास पाहिला, म्हणजे हा प्रश्न किती जुना आहे आणि त्याची उत्तरे किती वेगवेगळ्या कागदांतून शोधली गेली, हे ध्यानात येते. संस्थानी काळातील मुलकीचा नियम, कारखान्यातील हजेरीपट, धान्यासाठी काढलेली शिधापत्रिका, जनगणनेची यादी आणि अधिवास प्रमाणपत्र या सर्व कसोट्या येथे क्रमाने लागू झाल्या. त्यांपैकी एकही आजारी माणसाच्या गरजेचा विचार करून तयार झालेली नव्हती, आणि प्रत्येकीचा फटका प्रामुख्याने गाव सोडून आलेल्या माणसालाच बसला.

परक्यांनी वसवलेले शहर आणि मुलकीचा नियम

या शहराची सुरुवातच स्थलांतरिताच्या हातून झाली. १६१० मध्ये खडकी या नावाने ते वसवणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणला गेलेला हबशी होता. पुढे मोगल काळात मध्य आशियातील बुखारा परिसरातून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर येथे स्थायिक झाले. त्यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की अठराव्या शतकात उभारली गेली. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी भूमिगत नळांनी कित्येक किलोमीटरवरून आणून तिच्यावर दळण दळले जाई आणि ते यात्रेकरू, विद्यार्थी व गोरगरीब यांच्या अन्नासाठी वापरले जाई. धर्मादाय संस्थांच्या या व्यवस्थेत मदतीचा आधार हक्क हा नसून दया हा होता, ही तिची मर्यादा खरीच. तथापि दारात आलेल्या माणसाचे गाव कोणते, याची कागदोपत्री छाननी त्या व्यवस्थेत नव्हती.

अशी छाननी आली ती आधुनिक राज्ययंत्रणेबरोबर. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तर हिंदुस्थानातून व अन्य प्रांतांतून आलेल्या लोकांना सरकारी नोकऱ्या मिळू लागल्या. त्यामुळे स्थानिक सुशिक्षितांत असंतोष वाढला आणि त्यातून मुलकी व गैरमुलकी हा वाद उभा राहिला. मुलकी म्हणजे संस्थानाचा मूळ किंवा मान्यताप्राप्त रहिवासी आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकारने केलेल्या नियमांनुसार जन्माने संस्थानाची प्रजा असलेला माणूस मुलकी ठरत असे. बाहेरून आलेल्याला मात्र किमान १५ वर्षांचा कायम रहिवास सिद्ध करावा लागे आणि मूळ मुलखात परत जाण्याचा विचार सोडून दिल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. हा नियम सरकारी नोकरीपुरता होता, दवाखान्यांसाठी नव्हे. तरीही त्यातून एक प्रशासकीय कल्पना रुजली, ती अशी की राज्याच्या पैशावर हक्क सांगणाऱ्याने आधी त्या राज्यातील दीर्घ वास्तव्य कागदाने सिद्ध केले पाहिजे.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि राज्यघटना लागू झाल्यावर या नियमांचे भवितव्य प्रश्नांकित झाले. घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत रहिवासाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली आणि तशी अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला. त्यानुसार १९५७ च्या केंद्रीय कायद्याने, तेलंगणासारखे काही प्रदेश तात्पुरते वगळून, देशभरातील अशा अटी रद्द केल्या. परंतु शासकीय सवलती व योजना यांना लागू पडणाऱ्या पंधराव्या अनुच्छेदात जन्मस्थानाचा उल्लेख आहे, रहिवासाचा नाही. या फरकाचा परिणाम दूरगामी ठरला. नोकरीच्या दारातून १५ वर्षांची अट बाहेर गेली. कल्याणकारी योजनांच्या दारात तिला पुन्हा येण्यास मोकळीक राहिली.

घाटी: कार्डाविना उघडे असलेले दार

१९५६ मध्ये या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या महाविद्यालयाचे रुग्णालय पाणचक्कीजवळ आहे आणि साऱ्या प्रदेशात ते ‘घाटी’ याच नावाने ओळखले जाते. मराठवाड्यातील जिल्ह्यांबरोबरच बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगर या शेजारच्या जिल्ह्यांतील रुग्णही तेथे येतात. शासकीय रुग्णालयाची ही पद्धत मुळात अशी, की केसपेपर काढण्यासाठी अल्प शुल्क भरावे, डॉक्टरांनी तपासावे आणि खाट असेल तर दाखल करून घ्यावे. रुग्णाचा पत्ता नोंदवला जातो, पण त्या पत्त्यावर तपासणी अवलंबून नसते. भूम, जाफराबाद किंवा मध्य प्रदेशातील एखाद्या खेड्याचा पत्ता सांगणारा माणूस तेथे सारखाच रुग्ण असतो.

आरोग्यसेवेला थेट निधी देण्याच्या या पद्धतीचे दोष सर्वज्ञात आहेत. गर्दी, औषधांचा तुटवडा, बाहेरून विकत आणाव्या लागणाऱ्या वस्तू आणि शस्त्रक्रियेसाठीची प्रतीक्षा यांनी गरीब कुटुंब टेकीला येते. असे असले तरी स्थलांतरिताच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा गुण होता, तो म्हणजे पात्रता ठरवण्याचा प्रसंगच तिच्यात येत नसे. पुढे शासनाने रुग्णालयाऐवजी रुग्णाच्या नावे खर्च करण्याची विम्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा लाभार्थी कोण हे आधी ठरवणे अपरिहार्य झाले आणि त्याबरोबर कागदांची परीक्षा सुरू झाली.

हजेरीपटावरचा माणूस

विम्याची पहिली मोठी व्यवस्था कामगारांसाठी आली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ठरावीक वेतनमर्यादेखालील कामगाराला, मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून, स्वतःसाठी व कुटुंबासाठी उपचार मिळण्याची सोय केली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे चिकलठाणा आणि नंतर वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला आणि शहराकडे माणसांचा ओघ लागला. १९९१ मध्ये महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५ लाख ७३ हजारांच्या घरात होती; २०११ मध्ये ती ११ लाख ७५ हजारांवर गेली. विमा योजनेच्या दृष्टीने हा कामगार परभणीचा की पाटण्याचा, याला महत्त्व नव्हते. कारखान्याच्या नोंदवहीत त्याचे नाव असणे आणि त्याची वर्गणी भरली जाणे, एवढे पुरेसे होते. स्थलांतरिताला सर्वाधिक अनुकूल अशी कसोटी या इतिहासात कोणती असेल, तर हीच.

तिचा तोकडेपणा मात्र लवकरच उघड झाला. कंत्राटदारामार्फत आलेला, काही महिन्यांनी बदलला जाणारा किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यात राबणारा मजूर या नोंदवहीत येतच नसे. घरकामाला जाणाऱ्या बाया, नाक्यावरचे मजूर, हातगाडीवाले आणि बांधकामावरची कुटुंबे यांचा तर प्रश्नच नव्हता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यातून आणलेल्या मजुरांना मोफत वैद्यकीय सोय देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली. पण मजूर कंत्राटदाराने आणलेला असेल आणि त्याची नोंद झालेली असेल, तरच हा कायदा लागू पडे. गावातल्या ओळखीच्या माणसाबरोबर स्वतःच्या खर्चाने आलेला मजूर त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

गुंठेवारी, भाडे आणि शिधापत्रिका

नियोजित नगररचनेत ज्यांना जागा परवडली नाही, त्यांनी शहराच्या कडेच्या शेतजमिनींवर गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकत घेऊन घरे बांधली. गुंठेवारी म्हणजे बिनशेती परवानगी व मंजूर आराखडा यांशिवाय झालेली अशी तुकडेविक्री. खरेदी बहुधा बॉण्ड पेपरवर होई आणि नोंदणीकृत खरेदीखत मिळत नसे. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून डिसेंबर २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आणली. गारखेडा, पुंडलिकनगर आणि आसपासच्या वस्त्यांची वाढ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. ज्या घराची मालकीच कागदावर धड नाही, त्याचा पत्ता सिद्ध करणे कठीण; आणि अशा घरात भाड्याने राहणाऱ्याला घरमालकाकडून नोंदणीकृत भाडेकरार मिळणे त्याहून कठीण. म्हणजे शहरात दहा वर्षे काढलेल्या कुटुंबाकडेही आपण येथे राहतो हे सांगणारा कागद नसण्याची शक्यता मोठी होती.

आणि अशाच पुराव्यावर मिळणाऱ्या शिधापत्रिकेला पुढे उपचारांच्या संदर्भात निर्णायक महत्त्व आले. शिधापत्रिकेची व्यवस्था मुळात दुसऱ्या महायुद्धातील धान्यटंचाईतून जन्मली. १ मे १९९९ पासून महाराष्ट्राने तिला तीन रंग दिले: वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना पिवळी, १५ हजारांहून अधिक पण १ लाखाहून कमी उत्पन्नाला केशरी आणि १ लाख वा त्याहून अधिक उत्पन्नाला शुभ्र. रंगांचा हेतू धान्य कोणत्या दराने द्यावे हे ठरवण्याचा होता. गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबाला येथे नवी शिधापत्रिका हवी असेल, तर आधी मूळ गावच्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागे आणि नंतर शहरातील रहिवासाचा पुरावा जोडावा लागे. सासू-सासरे गावी, मुलगा-सून शहरात, अशा विभागलेल्या घरात एकच शिधापत्रिका गावी राहणे स्वाभाविक होते, कारण धान्य तेथेच उचलले जाई. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या बीड आणि जालना जिल्ह्यांतील कुटुंबांची स्थिती तर याहून बिकट होती, कारण त्यांचे गाव आणि काम दोन्ही अस्थिर होते.

जीवनदायीपासून जन आरोग्य योजनेपर्यंत

१९९७ मध्ये महाराष्ट्र शासनाने हृदय, मूत्रपिंड, मेंदू व मज्जारज्जू यांच्या गंभीर आजारांसाठी दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मदत करणारी जीवनदायी योजना सुरू केली. तिचे विस्तारित रूप म्हणजे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. जुलै २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, ज्यांत मराठवाड्यातील नांदेड होते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि औरंगाबाद जिल्हा तिच्या कक्षेत आला. ९७२ उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण, खासगी रुग्णालयातही रोख पैसे न भरता शस्त्रक्रिया आणि रुग्णालयात मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र, ही तिची वैशिष्ट्ये होती. पात्रता मात्र पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर ठरली. एप्रिल २०१७ पासून योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालू राहिली. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत, ज्यांत मराठवाड्यातील आठही जिल्हे येतात, शुभ्र शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यालाही सात-बारा उताऱ्याच्या आधारे लाभ मिळू लागला. अशा रीतीने धान्याचा कागद आणि जमिनीचा कागद हे दोन्ही दवाखान्याच्या खिडकीवर येऊन पोहोचले.

या योजनेने असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले, हे निर्विवाद आहे. तिची उणीव होती ती तिच्या कसोटीत. बिहारची किंवा उत्तर प्रदेशची शिधापत्रिका येथे चालत नसे, आणि धान्याच्या आधारावर बेतलेल्या पात्रतेत शिधापत्रिकाच नसलेला गरीब, म्हणजे बहुधा सर्वांत अलीकडे आलेला गरीब, गृहीत धरलेला नव्हता. केंद्र सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत स्थलांतरिताचा विचार अधिक सजगपणे झाला होता. तिचे स्मार्ट कार्ड विभागून एक गावी आणि एक कामाच्या ठिकाणी ठेवता येत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेने देशात कोठेही उपचार घेण्याची मुभा दिली, पण लाभार्थी ठरवण्यासाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची यादी वापरली. त्या वर्षी ज्यांची नोंद झाली नाही, ती कुटुंबे गरीब असूनही बाहेर राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेचा प्रारंभ महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांनी झाला आणि पुढे ती देशभर पसरली. परिणामी परराज्यातील शिधापत्रिकेवर शहरातल्या रास्त भाव दुकानात धान्य मिळू लागले. त्याच शिधापत्रिकेवर फुले योजनेतील उपचार मात्र मिळत नव्हते. कागदाचा मूळ हेतू राज्याची सीमा ओलांडून गेला आणि त्याला जोडलेला आरोग्याचा हक्क सीमेवरच थांबला.

टाळेबंदीच्या काळात ही विसंगती सर्वांसमोर आली. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून रेल्वेमार्गाने पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे ज्या भूमीत राबत होती, तेथे संकटकाळी आपली सोय होईल असा भरवसा त्यांना उरला नव्हता. त्याच महिन्यात राज्य शासनाने फुले योजनेचा लाभ उत्पन्नाचा विचार न करता राज्यातील सर्व रहिवाशांना देण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल मोठे होते, परंतु त्याचाही आधार रहिवास हाच होता.

जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने हे संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून सर्व रंगांच्या शिधापत्रिकाधारकांना आणि, शिधापत्रिका नसल्यास, अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांना खुले केले; १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी झाली. अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. निजामाच्या मुलकी नियमातील कालावधीही तेवढाच होता. दोन्ही नियमांचा उगम एक नाही आणि हेतूही वेगळे आहेत. तरी पंधरा वर्षे हा आकडा किती सहजपणे टिकून राहिला, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. याच योजनेत नोंदणीकृत बांधकाम कामगारांसाठी दुसरा मार्ग आहे. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी होण्यासाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तेथे कामगाराच्या जन्मराज्याला महत्त्व नाही. म्हणजे एकाच योजनेच्या एका दारात ९० दिवसांचे श्रम पुरतात आणि दुसऱ्या दारात १५ वर्षांचे वास्तव्य मागितले जाते.

सीमेवरचे निर्णय आणि घटनेची भूमिका

रहिवासाची अट अटळ नसते, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने कर्नाटकातील ८६५ मराठीभाषक सीमावर्ती गावांना फुले योजना लागू करण्याचे ठरवले आणि त्यावर कर्नाटक सरकारने तीव्र आक्षेप घेतला. प्रशासकीयदृष्ट्या दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांना आपले मानून उपचार देता येतात, ही गोष्ट त्या निर्णयाने सिद्ध झाली. उलट बाजूचा अनुभवही मराठी लोकांनी घेतला आहे. गोव्याने जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाणाऱ्या सिंधुदुर्गातील रुग्णांना त्याची झळ बसली आणि दोडामार्गला आंदोलन झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या गुरू तेग बहादूर रुग्णालयात ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखण्याचा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने रद्द केला.

न्यायालयांची दिशा या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. १९९६ मध्ये, पश्चिम बंगालमधील जखमी शेतमजुराला अनेक शासकीय रुग्णालयांनी परत पाठवल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार देणे हे जीविताच्या हक्कातून येणारे राज्याचे कर्तव्य ठरवले. त्याच वर्षी अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही मिळते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याचा अर्थ एवढाच, की तातडीच्या उपचाराचे दार घटनेने माणूस म्हणून उघडे ठेवले आहे. विम्याचे दार मात्र शासकीय निर्णयांवर सोपवले आहे.

जगाचा अनुभवही याच पेचाचा आहे. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्यानुसार गरिबाच्या पोषणाची जबाबदारी त्याच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चशी जोडलेल्या स्थानिक प्रशासकीय घटकावर असे, आणि पुढेमागे भार होईल अशा नवागताला परत पाठवता येई. २०१५ पासून ब्रिटनमध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी स्वतंत्र आरोग्य अधिभार घेतला जातो. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने बहुतेक कायम रहिवाशांनाही सरकारी वैद्यकीय मदतीसाठी पाच वर्षे थांबवले. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना हे नियम जाचक वाटतात आणि ते वाटणे रास्त आहे. तीच जाणीव आपल्या शहरात आलेल्या परमुलखातील मजुराविषयीही असली पाहिजे.

शासनाचा पैसा मर्यादित असतो आणि गैरवापर रोखण्यासाठी काही नोंद आवश्यक असते, हा युक्तिवाद योग्य आहे. पण नोंद कशाची असावी, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. येथील अनुभव सांगतो की गावाकडील धान्याच्या कागदापेक्षा चालू कामाची नोंद, आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्यापेक्षा आजचे वास्तव्य, ही गरजेच्या अधिक जवळ जाणारी प्रमाणे आहेत. वॉर्डातील आशा सेविका घरोघरी जाऊन लसीकरणासाठी जी यादी करते, तिच्यात भाडेकरूचे मूलही येते. अशी स्थानिक नोंद पात्रतेसाठी मानणे प्रशासनाला अशक्य नाही. आणि ज्याच्याकडे कोणताच कागद नाही, त्याच्यासाठी घाटीसारखे सार्वजनिक रुग्णालय औषधे, खाटा व मनुष्यबळ यांनी सक्षम राखणे, हाच या इतिहासाने सुचवलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे; कारण कागद न विचारता उपचार करण्याची परंपरा तेथे १९५६ पासून चालत आली आहे, आणि विमा योजनांच्या वाढत्या खर्चात तिचाच निधी आटता कामा नये.